दहा वर्षांची बॅटरी

मी निवडलेली चिप एका बटन-सेलवर दहा वर्षं चालेल, हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलं होतं की चहावाल्यालाही तिचा करंट पाठ झाला होता.

अकरा चिपांची माहितीपत्रकं मी ओळ न ओळ ताडून पाहिली होती. ही जिंकली, कारण ती झोपते. दर सहा तासांनी उठते, टाकीतलं पाणी मोजते, आकडा टाकी सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर धाडते आणि पुन्हा आडवी होते. अंबरनाथच्या एका कारखान्याला असे चारशे सेन्सर हवे होते. आमच्या पद्मजा मॅडमची अट एकच: सात दिवस खऱ्या टाकीवर चालवून दाखव, नाहीतर ऑर्डर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दीपकच्या जुन्या चिपवर जाईल.

खरी टाकी आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीवर होतीच. तिचा पंप सांभाळतात कुशाबाकाका. गिरणीत जॉबर होते. अख्ख्या खात्यावर नजर ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. टाकीवर सेन्सर बसवून त्यांना मी त्यावरचं बटण दाखवलं. मधेच पातळी बघायची असेल तर दाबा, मिनिटभर दिवा लागतो, आकडा येतो.

"आणि बाकीचा वेळ?"

"झोपते, काका. तीच तर तिची खुबी."

काकांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मी ते कौतुक समजलो.

आठव्या दिवशी मॅडमना घेऊन गेलो, तर पाणी जिन्यातच भेटायला आलं. आदल्या संध्याकाळपासून आकडा येत नव्हता, म्हणून काकांनी पंप चालूच ठेवला होता. मॅडमनी चपला हातात घेतल्या. मी सेल तपासला. दहा वर्षं आठवड्यात संपली होती.

बटण कोणी दाबलं का, असं विचारताच काकांनी खिशातून वही काढली. तीत चाळकऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या: पहिली रखमामावशी, दुसरी स्वप्नील, तिसरी स्वतः. दर पंधरा मिनिटांनी बटण, पुढे सही.

"पाण्यावर बसवलेलीनं झोपून कसं चालेल रे, वरद? सात दिवस डोळ्याला डोळा लागू दिला नाही तिच्या. कालपासून मात्र उठतच नाही. आजारी आहे काय?"

मॅडमनी सगळ्या सह्या शांतपणे पाहिल्या.

"चिप चांगली आहे," त्या म्हणाल्या. "जागा चुकली. पुन्हा सात दिवस घे, आपल्या ऑफिसच्या टाकीवर."

"तिथे का, मॅडम?"

"तिथे झोपलेल्याला कोणी उठवत नाही. तुझ्यावर तीन वर्षं चाचणी झाली आहे."