किल्ल्यात शिरलेली पाणबुडी

पुस्तकं सकाळच्या मोटारीने अकोल्याहून आली आणि तपासणीचे साहेब दुपारच्या मोटारीने अमरावतीहून यायचे होते. मधल्या वेळात पुडकं सोडून बघायला वामनरावांना हवी तेवढी सवड होती. पण नवी निळी कापडी पाठ दोरीखालून डोकावत होती, तेवढ्यावरच स्वारी खूश झाली.

वामनराव हे गावातल्या फिरत्या ग्रंथपेटीचे चिटणीस. मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात पेटी आली तेव्हा जाडजूड कादंबऱ्यांना कुणी हात लावला नाही. सगळ्यांची झुंबड उडाली ती दोन सचित्र पुस्तकांवर. दोन्हींत प्रत्येक पानाच्या पुढे मजकूर, मागे चित्र. एकात जुन्या सरदारांचे वेढे, हत्ती, तोफा. दुसऱ्यात विमान, पाणबुडी, टेलिफोन असले नवे शोध. प्रौढांच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकलेली गोदाबाई तर रोज दुपारी बायका जमवून ती मोठ्याने वाचून दाखवायची. इतक्या हातांतून फिरल्यावर पुस्तकांची पानं सुटी झाली. साहेबांनी ती तशीच पाहिली असती, तर पेटी दुसऱ्या गावाला गेली असती. साहेब खूश झाले, तर मात्र कायमचं वाचनालय मिळणार होतं. म्हणून वामनरावांनी ती गुपचूप अकोल्याच्या नत्थुजींकडे बांधायला धाडली होती.

नत्थुजी कामाला चोख. फक्त उभा जन्म त्यांनी कापूसबाजाराची पावतीपुस्तकं बांधलेली. एक पांढरं पान कास्तकाराचं, एक पिवळं पान अडत्याचं. आता लढायांचं पुस्तक होतं पांढऱ्या कागदावर, शोधांचं पिवळ्या, आणि आकार दोघांचा एकच. नत्थुजींना यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी पानं एकाआड एक लावली आणि अशी शिलाई मारली की बैल जुंपले तरी उसवू नये.

चावडीत सतरंजीवर बसून साहेबांनी स्वतःच पुडकं सोडलं.

"हे एकच? पेटीत सचित्र पुस्तकं दोन होती ना?"

"दोनच होती साहेब," म्हणत वामनरावांनी पुडक्याचा कागद झटकून पाहिला. त्यातून काही पडलं नाही.

"बरं, ते नंतर बघू. तुमच्या अहवालातली गोदाबाई कोण? वाचा बघू यातलं."

गोदाबाई पदर सावरून उभी राहिली. ओळीखाली बोट धरून तिने खणखणीत सुरुवात केली. "'किल्ल्यातला दाणागोटा संपत आला. तेव्हा सरदार घोड्यावरून गरजले, शूर वीरहो...'" तिने पान उलटलं. "'...पाण्याखाली जाण्यापूर्वी झाकण घट्ट लावून घ्यावे.'"

वामनरावांनी मान लांबवून पाहिलं; पांढऱ्या पानामागे पिवळं पान होतं. गोदाबाईने बोटाकडे एकदा पाहिलं आणि नेटाने पुढचं पान उलटलं. "'हुकूम ऐकताच तोफा धडाडल्या. किल्लेदार बुरुजावर चढला आणि...'" पुन्हा पान. "'...नळीतून समुद्रावरची जहाजे पाहू लागला.'"

"अवो, समुद्र कुठून आला?" मागून सुंदराबाईने विचारलं. "किल्ला तं डोंगरावर हाये!"

"नत्थुजीनं आनला," वामनराव पुटपुटले.

साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं, चाळलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "सरकारी पुस्तकांची खिचडी केलीत तुम्ही! पेटी आजच्या मोटारीत चढवा."

गोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, पेटी नेसान तं मी पुन्ना अंगठ्यावर येईन. वाचाले काही नसलं तं अक्षरं ध्यानात राह्यतीन का?"

साहेबांना वाईट वाटलं. पण वाईट वाटून नियम बदलत नाहीत, म्हणून ते छताकडे बघत राहिले. सुंदराबाई मात्र अजून त्या किल्ल्यातच होती.

"काहो गोदाबाई, त्या किल्लेदाराजवळ पाणबुडीतली ती नळी असती तं? तटामागं बसूनच समदी फौज दिसली असती. मंग वेढा टिकते कायचा?"

"टिकला असता," गोदाबाई डोळे पुसत म्हणाली. "सरदाराजवळ टेलिफोन असता तं त्यानं आनखी फौज बलावली असती."

"तार किल्लेदाराने तोडली असती!"

हे साहेब बोलले होते. बोलून गेल्यावर ते स्वतःच दचकले.

"अन् बिनतारी असन तं?" गोदाबाईने पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन पिवळं पान काढलं. "हे पाहा. चित्र हाये."

साहेबांनी चित्र पाहिलं, कोट काढला आणि मांडी ठोकून बसले. मग जो वाद रंगला, त्यात चहा निवला, विमानाने किल्ल्यात दाणागोटा उतरला आणि वामनराव साहेबांच्या विरुद्ध बाजूला जाऊन चक्क ओरडू लागले. बाहेर मोटारीने भोंगा वाजवला तेव्हा कुठे साहेब भानावर आले.

"पेटी राहू द्या," ते उठत म्हणाले. "एवढी गावं फिरलो, पण पुस्तकावरून भांडणारं गाव पहिलंच. वाचनालयाची शिफारस करतो. मात्र हे खराब पुस्तक इथे ठेवता येणार नाही. ते मी नेतो."

वामनराव दोन्ही हातांनी द्यायला निघाले, पण गोदाबाईने त्यावरचा हात काढला नाही. "खराब हाये तं नेता कायले?"

साहेबांनी मोटारीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "किल्ला पडला की नाही, तेवढं बघायचं आहे."

"मंग नाव सांगा," म्हणत गोदाबाईने पेटीची नोंदवही उघडून पेन्सिल उचलली. बाहेर भोंगा कोकलत होता आणि ती एकेक अक्षर जुळवत साहेबांचं नाव लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"पुढच्या बाजाराच्या दिवशी आनून द्या साहेब. अन् पिवळी पानं गाळू नका. मी इचारीन."