वाघाविषयी दोन शब्द

मुलांनो, हाताची घडी घाला. नाही घातली तरी चालेल, वाघ काही त्यामुळे थांबत नाही.

एका जंगलात साळू नावाची वानरीण होती. तिचं काम एकच. उंच अर्जुनाच्या झाडावर बसायचं आणि वाघ दिसला की "खॅक!" करून ओरडायचं. खाली चितळं चरत. "खॅक" ऐकलं की ती चौखूर उधळत. वाघ उपाशी परत जाई. एवढा साधा कारभार होता.

पण साध्या कारभारात विद्वानांचं मन रमत नाही.

तिथं शृंगारपुरे सर नावाचे एक सांबर राहत. त्यांची शिंगं भली मोठी. त्यामुळे सगळे त्यांना विचारवंत समजत. सर स्वतः तर त्याच्याही आधीपासून समजत.

एकदा ते साळूला म्हणाले, "बाई, हे खॅक म्हणजे काय?"

"वाघ आला, सर."

"मग तसं सविस्तर बोला ना! भाषेशिवाय विचार नसतो. तुम्हाला वाघाचा विचार येतच नाही. नुसती भीती येते."

साळूला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण विचारच केला नाही!

सरांनी लगेच शिबिर भरवलं. वर ठराव केला, की ज्याच्याकडे शिबिराचं प्रमाणपत्र असेल त्यानंच अर्जुनावर बसायचं.

साळूची जिवलग मैत्रीण चंद्री चितळीण नुकतीच व्याली होती. पाडस तीन दिवसांचं. पाय अजून लटपटत होते.

"साळूबाय, तूच बस गं वर," चंद्री म्हणाली. "दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई."

म्हणून साळू शिबिराला गेली. आधी मान्यवरांना वंदन, मग विषयाची ओळख, मग व्याख्या, मग जमल्यास विषय. तिनं सगळं घोकलं. पहिला नंबर आला. जंगलात नारळ मिळत नाही, म्हणून बेलफळ देऊन सत्कार झाला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गवत हललं. साळूला पट्टे दिसले. पाडसापासून वीस पावलांवर.

तिनं उभं राहून घसा खाकरला.

"आदरणीय शृंगारपुरे सर आणि उपस्थित चितळगण, आज मी आपल्यासमोर जे दोन शब्द बोलणार आहे..."

"वा!" खालून सर म्हणाले. चितळांनी माना डोलावल्या.

पंधरा पावलं.

"...ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्याल, अशी आशा बाळगते. वाघ हा एक..."

दहा पावलं. पाडसानं मान वर करून साळूकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. पुढचं वाक्य तोंडपाठ होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"खॅक!"

चितळं उधळली. चंद्रीनं ढुशा देत पाडसाला पळवलं. दोघंही वाचली.

सर मात्र जागचे हलले नाहीत. ते संतापले होते.

"हा काय अडाणीपणा, बाई! वाघ हा एक काय? विचार पूर्ण करा!"

तो वाघानं पूर्ण केला.

पुढे शोकसभा झाली. भाषण अर्धवट सोडल्याबद्दल साळूचं प्रमाणपत्र एकमतानं काढून घेतलं. ठरावाच्या बाजूनं चंद्रीनंही मान हलवली. सभेत बरं दिसत नाही ना!

तात्पर्य : विचार पूर्ण झाल्याशिवाय जागचं हलू नये. पळणारे नुसते जगतात. त्यांच्या नावानं व्याख्यानमाला सुरू होत नाही.