सतरा नंबरच्या नळीवरील स्वारी

विस्मरण-रोग-संशोधन दरबारातील तमाम थोर-लहान मंडळींचे सेवेसी, कोपऱ्यातील मेजावरल्या बखरनवीसाचा अर्ज ऐसा जे: हुकूम जाला की सतरा नंबरच्या नळीचे वर्तमान साद्यंत लिहोन ठेवावे. बखरनवीस कोणाचा मिंधा नाही, चहादेखील स्वखर्चे पितो. सबब जाले तैसेच लिहितो.

लोखंडास गंज चढतो, तैसा मनुष्याचे मेंदूसही चढतो; मग माणूस किल्ली विसरतो, मग रस्ता विसरतो, आणि मग घरचे माणूस. त्या गंजाची खूण रक्तात सापडते की काय, याचा शोध ताईसाहेब संशोधकांनी पाच वर्षे चालविला होता. रीत ऐसी की रक्तातील पेशी वेगळ्या करोन उरल्या पाण्यात औषध घालोन उकळावे; जितका गंज अधिक, तितका गुलाबी रंग गडद. रोगियांच्या नळ्या चाळीस, निरोग्यांच्या चाळीस. निरोगी माणसे बाहेर पुरेशी मिळेनात, तेव्हा थोरल्या सरांपासोन खाशा ताईंपर्यंत प्रयोगशाळेतील मंडळींनीच दंड पुढे केले. आणि कोणती नळी कोणाची हे कोणास न कळावे म्हणोन दप्तरीणबाईंनी नंबर घालोन नावांची यादी कुलपात ठेविली. खुद्द सरांनी मागितली तरी बाई देत नसत.

ऐसे असता मंगळवारी दोन प्रहरी निरोगी फौजेतील सतरा नंबर ऐसा गुलाबी जाला की रोगियांतील सरदारही त्यापुढे फिके पडले. दरबारात एकच हलकल्लोळ उडाला. जो तो मनात म्हणे, हा सतरा आपणच. थोरले सर नातवंडांच्या जन्मतारखा पुटपुटत फिरो लागले, आणि आकडेशास्त्र्यांनी दुसरे दिवशी डब्यात निव्वळ पाला आणिला. मग खलबत बसले. आकडेशास्त्र्यांनी मसलत दिली की नळी बंडखोर आहे, बाद करावी, ऐंशींतील एक गेल्याने राज्य बुडत नाही. त्यावर सरांचे फर्मान सुटले की प्रबंध शुक्रवारी रवाना होणे. तोवर सतराचा निकाल लागावा, नपेक्षा नळी बाद.

ताईंचा जीव मात्र टांगणीस लागला. कारण रोगियांचे फौजेत ताईंच्या मातोश्री होत्या. सतरा आपणच असलो तर? एका नळीने कोणाचे भविष्य ठरत नाही हे शास्त्र ताईंस तोंडपाठ; पण भयास शास्त्र कोठले? नळी बाद करावी तर बेइमानी, ठेवावी तर झोप नाही. ऐशा पेचात त्या बुधवारी सांजेस घरी आल्या, आणि एका हाती फोन धरोन दुसऱ्या हाताने पेल्यात दूध ओतो लागल्या, ते निम्मे ओट्यावर गेले.

मातोश्रींनी तोवर आज वार कोणता हे तीनदा पुसले होते. त्या म्हणाल्या, "अगं, हळू! एका हाताने कशाला ओततेस? लहानपणापासून तुला ओतायची भारी घाई."

ताई पातेले घेऊन तैशाच उभ्या राहिल्या. स्वतःचे रक्त दिले त्या दिवशी कोपरात कापूस दाबोन, एकाच हाताने, सुई न काढता, पिचकारी जोराने दाबोन त्यांनीच ते नळीत भरिले होते. ऐसे केले म्हणजे पेशी फुटतात, लाली पाण्यात उतरते, आणि गुलाबी रंग खोटाच चढतो. म्हणजे सतरा आपणच. पण रंग घाईचा की मातोश्रींकडोन आलेला, हे कळणे बाकी राहिले.

गुरुवारी प्रातःकाळी ताईंनी शीतपेटीतोन सतराचे उरलेले पाणी काढोन पाहिले, तो ते औषधावाचोनच तांबूस. मग भर दरबारात आपली चूक आपल्या तोंडे जाहीर करोन त्या सुईच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दप्तरीणबाईंनी यादी छातीशी धरोन इतकेच सांगितले, "मी नाव सांगणार नाही. पण ताई, उठू नका. बरोबर बसलात."

तत्क्षणी सरांच्या जन्मतारखा थांबल्या. परिचारिकेने रक्त काढिले; आकडेशास्त्र्यांनी सुई काढोन, श्वास रोधोन, नळीचे कडेने ते ऐसे हळू सोडिले की पाहणारे कंटाळले. मग पाणी वेगळे जाले, औषध पडले, उकळी जाली, आणि तमाम मंडळी यंत्राभोवती गोळा जाली. रंग फिका आला. चाळीस निरोग्यांत खालोन बारावा! ताई हसल्या आणि रडल्याही. जुना आकडा, नवा आकडा आणि आपली चूक, तिन्ही प्रबंधात कलमबंद करोन शुक्रवारी प्रबंध रवाना केला. सतरा नंबर फत्ते जाला.

त्याच सांजेस ताईंनी घरी जाऊन मातोश्रींस म्हटले, "आई, माझं रक्त चांगलं निघालं. तुझ्यामुळे कळलं." मातोश्रींनी आनंदाने लेकीच्या तोंडावरोन हात फिरविला, आणि दहा मिनिटांनी पुसले, "काय गं, आज एवढी खुशीत का?" ताईंनी पुन्हा सांगितले, मातोश्री पुन्हा तितक्याच हर्षल्या. ऐसे पाच वेळा जाले. एकाच स्वारीची फत्ते एके सांजेस पाच वेळा साजरी जाल्याचा दुसरा दाखला दप्तरी नाही, म्हणोन येथे मुद्दाम नोंदविला असे.