हातात हात, फुलदाणीत

“हात म्हणजे काय हो, एक मोठा दातच समजा!” असं डॉक्टर छाती ठोकून म्हणाले आणि तिथूनच सगळं बिनसायला लागलं.

डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि दवाखाना बंद झाला की नाटकाच्या तालमीला पळायचं, हा त्यांचा रोजचा परिपाठ. आता नाटक म्हणजे पडदा, मध्यंतर, टाळ्यांची वाक्यं, असलं काही तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल तर ते आधी पुसून टाका. यांचं नाटक प्रायोगिक! संचात माणसं चार. बाई दिग्दर्शन करायच्या. त्या पूर्वी शाळेत भूमिती शिकवत, त्यामुळे अजूनही नटाला “जरा काटकोनात दुःखी हो” असं सांगायच्या. गिरकी नावाप्रमाणेच नाचायची. धडाम हाताला लागेल ते बडवायचा, मग तो ड्रम असो, पत्र्याचा डबा असो की कपाटाचं दार. आणि चौथे डॉक्टर. प्रत्येकाने आपापली विद्या आणायची आणि सगळ्यांनी मिळून प्रयोग रचायचा, अशी पद्धत. एकमत व्हायचं नाही ते फक्त संचाच्या नावावर. शेवटी छापखान्यातल्या माणसाने वैतागून पोस्टरवर ‘अजून ठरायचंय’ असंच छापून टाकलं आणि तेच नाव पडलं.

आजवर डॉक्टरांच्या वाट्याला एक भिंत, दोन-तीन खांब आणि एकदा ‘शांतता’ ही भूमिका आली होती. या खेपेला मात्र ते थेट मध्यभागी! प्रयोगाचं नाव ‘हात’. प्रेक्षकांतल्या कुणा अनोळखी माणसाला पुढे बोलवायचं, डॉक्टरांनी त्याचा हात हातात घ्यायचा आणि दोघांनी ते जुळलेले हात दातांचं माप घ्यायच्या गुलाबी लगद्यात बुडवायचे. लगदा रबरासारखा घट्ट झाला की हात अलगद बाहेर काढायचे. आत उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतलं, की दोन परक्या माणसांच्या हस्तांदोलनाचा पुतळा तयार. भोवती गिरकीचा नाच आणि धडामचा ठेका. तालमीत हे सगळं प्लास्टिकच्या बादलीत झकास जमलं होतं.

गोची वेगळीच होती. यांचा हॉल पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान. वर धडामने एक ठोका दिला, की खाली घड्याळवाल्यांच्या चिमट्यातला स्क्रू टुणकन उडून कपाटाखाली! एकदा तर म्हणे एक स्प्रिंग थेट गिऱ्हाईकाच्या चहात सापडली. घड्याळवाल्यांनी हॉलच्या मालकाकडे तक्रार केली. मालकाने हात वर केले. “त्यांनी तक्रार मागे घेतली तर राहा, नाहीतर सामान उचला.”

बाई स्वतः खाली गेल्या. “एकदा बघायला तरी या. मग हवं तर हाकला आम्हाला.”

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “येईन. न बघता नावं ठेवायला मला आवडत नाही.”

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. पहिल्या रांगेत डॉक्टरांची बायको. ती नवऱ्याच्या प्रत्येक प्रयोगाला यायची आणि प्रत्येक प्रयोगात झोपायची. “अंधार असतो हो, आणि खुर्ची बरी असते,” एवढीच तिची समीक्षा. घड्याळवाले मागच्या रांगेत, हाताची घडी घालून.

पडद्यामागे, म्हणजे कपाटामागे, बाईंची नजर बादलीवर गेली.

“निळी बादली? आपण प्रयोग करायला आलोय की धुणं धुवायला?” असं म्हणत त्यांनी घरून आणलेली पितळी फुलदाणी पुढे केली. उंच, नक्षीदार आणि चिंचोळ्या गळ्याची.

“बाई, गळा अरुंद आहे.”

“हात जातो ना?”

डॉक्टरांनी हात घातला. गेला. शेजारून बाईंनी घातला. तोही गेला. “झालं तर मग!” बाई म्हणाल्या. एकेक करून आत शिरलेले दोन हात एकमेकांना घट्ट धरून बसले आणि भोवती रबर जमलं, तर बाहेर कसे यायचे, हे भूमितीच्या बाईंनाही सुचलं नाही आणि हाताला मोठा दात म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

त्यात गिरकीचा जीव मोठा हळवा. लगदा कालवायचं काम तिचं. पाहुण्याला गार लागू नये म्हणून तिने चांगलं कोमट पाणी घेतलं. पाणी जितकं गरम तितका हा लगदा लवकर घट्ट होतो, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. पाणी गरम आहे, एवढंच काय ते ठाऊक नव्हतं!

प्रयोग सुरू झाला. बाईंनी हाक दिली, “कोण देतं हात?” सगळे खाली बघायला लागले. अशा वेळी चपला किती सुंदर दिसतात! आणि मग मागच्या रांगेतून घड्याळवालेच उठले. बाईंनी पटकन डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मात्र हसून त्यांचं स्वागत केलं. दोन उजवे हात फुलदाणीत गेले, तळाशी एकमेकांना भेटले. घड्याळवाल्यांची पकड अशी, की आपला हात म्हणजे निसटू पाहणारा एखादा बारीकसा स्क्रू आहे, असं डॉक्टरांना वाटलं.

“कोमट आहे,” घड्याळवाले पुटपुटले.

“कोमट?” डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी बोट हलवून पाहिलं. हललं नाही. मनगट फिरवून पाहिलं. सगळी फुलदाणीच फिरली आणि तिच्याबरोबर घड्याळवालेही!

“बाई,” डॉक्टर कुजबुजले, “अडकलंय.”

आता या संचाचा एक नियम होता. रंगमंचावर जे घडेल ते नाकारायचं नाही, उचलायचं आणि पुढे न्यायचं. बाईंचे डोळे चमकले. वा! डॉक्टरांना चक्क स्वतःहून वाक्य सुचलं!

“अडकलंय!” बाईंनी दोन्ही हात पसरले. गिरकीने ‘अडकलंय’वर एक गिरकी घेतली. धडामने ठेका धरला. अड-कलंय, अड-कलंय!

“अहो, खरंच अडकलंय!”

“खरंच अडकलंय!” प्रेक्षकही म्हणायला लागले. काही जण टाळ्यांवर.

डॉक्टर ओरडले, “थांबा! हे नाटक नाही!”

“हे! नाटक! नाही!” सगळा हॉल एका सुरात गरजला. पहिल्या रांगेत बायको चक्क जागी होती आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

डॉक्टर जिवाच्या आकांताने घड्याळवाल्यांकडे वळले. “तुम्हाला तरी पटतंय ना?”

घड्याळवाले मात्र कधी नव्हे ते रंगमंचावर आलेले. पाहुणा म्हणून वागायचं तर नीट वागावं, म्हणून तेही मान डोलावून खणखणीत आवाजात म्हणाले, “हे नाटक नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“देवाशप्पथ सांगतो,” डॉक्टर त्यांच्या कानाशी लागले. त्यांच्या कपाळावरचा घाम घड्याळवाल्यांच्या खांद्यावर टपकला. “गळ्यातून हात निघत नाहीयेत. चूक माझी आहे.”

घड्याळवाल्यांनी आपला हात ओढून पाहिला. पुन्हा पाहिला. मग त्यांचा चेहरा असा झाला, की डॉक्टरांनी डोळेच मिटून घेतले. उजवा हात! या माणसाचं पोट ज्या बोटांवर चालतं ती बोटं आपण फुलदाणीत गाडली. आता हॉल जाणार, संच जाणार, तक्रारीच्या जागी खटला येणार!

घड्याळवाले ओढायचे थांबले. मग शांतपणे म्हणाले, “दुखतंय का तुमचं?”

डॉक्टरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “नाही. तुमचं?”

“नाही. मग कशाला ओरडताय? खाली चला. माझ्या टेबलाशी उजेड चांगला आहे.”

दोघं उठले. मध्ये फुलदाणी, दोन्ही बाजूंना दोन वयस्कर माणसं, असे ते जिना उतरायला लागले. जिना एका माणसाच्या रुंदीचा, त्यामुळे डॉक्टर उलटे, घड्याळवाले सुलटे. डॉक्टरांनी डाव्या हाताने दाताच्या हत्यारांची पिशवी तेवढी उचलली होती. मान वर करून बघतात तो काय, घड्याळवाल्यांच्या मागे सगळे प्रेक्षक रांगेने! ‘प्रयोग आता खाली आहे,’ असं कुणीतरी जाहीर केलं होतं. कुणीतरी म्हणजे अर्थातच बाई.

दुकान एवढंसं. मावतील तेवढे आत घुसले, बाकीचे काचेला नाक लावून बाहेर. घड्याळवाल्यांनी टेबलाच्या कडेच्या शिकंज्यात फुलदाणी आवळली. डॉक्टरांच्या बायकोने न सांगता दिवा उचलून बरोबर गळ्यावर धरला. मग कामाला लागले दोन डावे हात. एकाने गळ्यातलं रबर दाबून धरायचं, दुसऱ्याने दाताच्या बारीक आकडीने कण कण उकरायचं. दोघांनाही डाव्या हाताची सवय नाही. डॉक्टरांचा हात भरकटला, की घड्याळवाले त्याला टेकू द्यायचे. घड्याळवाल्यांचा चष्मा घसरला, की डॉक्टर तो वर सारायचे.

 भिंतभर घड्याळं टिकटिकत होती, आणि ती ऐकत धडाम, जो झोपेतही उशी बडवतो म्हणतात तो धडाम, हात मागे बांधून उभा होता.

“काय ठेका आहे!” तो हळूच म्हणाला. “आणि मी यावर रोज आदळआपट करत होतो?”

घड्याळवाल्यांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या मिशा किंचित हलल्या.

गळा मोकळा झाला. आतली बोटं सुटली. आधी घड्याळवाल्यांचा हात निघाला, गुलाबी ठिपक्यांनी भरलेला. त्यांनी एकेक बोट मिटून-उघडून पाहिलं, टेबलावरचा चिमटा उचलला, एक बारीकसा स्क्रू धरला, ठेवला. ठणठणीत! मग डॉक्टरांचा हात निघाला. दुकानात टाळ्यांचा पाऊस पडला आणि भिंतीवरचं एक बंद घड्याळ दणक्याने सुरू झालं.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. “तुमचे उपकार कसे फेडू? दुसरा कुणी असता तर मला तिथल्या तिथे फोडलं असतं.”

“इतकी वर्षं लोकांचे हात फक्त मनगटापुरते पाहिले,” घड्याळवाले हात पुसत म्हणाले. “आज एक सबंध धरला. बरं वाटलं.” मग धडामकडे वळून म्हणाले, “सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी काय हवं ते बडव. इतर दिवशी तालीम करायची तर आधी खाली येऊन सांग, मी स्क्रू झाकून ठेवीन. मालकाशी मी बोलतो.”

 बाईंनी घड्याळवाल्यांना नमस्कार केला, तोसुद्धा अगदी काटकोनात. गिरकी तर डोळे पुसता पुसता हसत होती.

घरी जाताना डॉक्टर तरंगत होते. संच वाचला, जागा वाचली, घड्याळवाल्यांचा हात वाचला. तिघा वेड्यांनी ऐन संकटातही आपली साथ सोडली नाही, भलत्याच दिशेने का होईना! आणि बायको? तिने सगळा वेळ दिवा धरला, हात जरासुद्धा हलू न देता.

“दमलीस ना गं?” त्यांनी विचारलं.

“छे! तुमचं नाटक मला पहिल्यांदाच कळलं,” ती म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता. “शेवटी ते दोन डावे हात, काय सुंदर बसवलं होतंत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.”

डॉक्टर रस्त्यातच थांबले. बसवलं होतंत? 

“फक्त एक सांगू? रागावू नका,” ती त्यांचा गुलाबी हात हातात घेत म्हणाली. “ते घड्याळवाले बघा, किती सहज काम करत होते! तुम्ही मात्र मधे ते ‘अडकलंय, अडकलंय’ करताना जरा अतीच केलंत. खरं वाटत नव्हतं.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या वेळी सांभाळतो.”