रक्त एकाचं, रुग्ण दुसराच

विमा एजंटाच्या बायकोच्या हातात काचेची बरणी फुटली आणि तळहात चांगलाच चिरला. बाहेर टाळेबंदी. भरदुपारी रस्ता असा निपचित पडला होता, की कोपऱ्यावरचा सिग्नलचा दिवा लालचा हिरवा होतानाची ‘टक्’ चौथ्या मजल्यावर ऐकू येत होती.

“अहो, जरा टॉवेल आणता का?” तिनं हाक मारली.

एजंट टॉवेल घेऊन आला. उभ्या आयुष्यात त्यानं अपघात विमा विकला होता. अपघात बघायची वेळ मात्र कधी आली नव्हती. फरशीवरचं रक्त पाहून तो “अगं...” एवढंच म्हणाला आणि त्याच रक्तात आडवा झाला.

हाताला टॉवेल गुंडाळून तिनंच रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी सायरन न वाजवता आली. वाजवायचा कुणासाठी? जिन्यातून दोन पांढऱ्या आकृत्या वर आल्या. चेहरे नाहीत, केस नाहीत, चष्म्यांवर वाफ धरलेली. पावलांचा आवाजही नाही, नुसती प्लॅस्टिकची सळसळ.

“कापलंय मला!” ती म्हणाली.

“घाबरू नका ताई.” आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. “वाचतील ते.”

“अहो, त्यांना नुसती घेरी आलीय! रक्त माझं आहे!”

पण आकृत्यांची टोपडी कानांवर घट्ट बसलेली. “नातेवाइकांना सोबत येता येणार नाही,” दुसरी आकृती म्हणाली. दोघींनी एजंटाला उचललं, उंबऱ्यावर औषध फवारलं आणि जशा आल्या तशा सळसळत निघून गेल्या. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक मिटल्या.

तिनं पुन्हा फोन केला. “त्या पत्त्यावरचा रुग्ण उचललाय,” उत्तर मिळालं. मग तिनं शेजारच्या काकूंचं दार ठोठावलं. दाराच्या भिंगामागे एक डोळा हलला.

“काकू, उघडा ना, रक्त थांबत नाहीये!”

“तुझ्याकडे ते पांढरे आले होते ना? मग नको गं बाई.” डोळा नाहीसा झाला.

इकडे एजंट शुद्धीवर आला, तेव्हा भोवती प्लॅस्टिकचे पडदे संथ हलत होते.

“मी... कुठे आहे?”

“वर,” नर्स म्हणाली. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता.

आपण मेलोच, असं समजून एजंटानं हात जोडले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी त्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि ते एक पाऊल मागे सरले. “शर्ट रक्तानं भिजलाय आणि अंगावर ओरखडासुद्धा नाही! हे रक्त कुणाचं?”

“बायकोचं,” एजंट हुंदका देत म्हणाला. “ती खालीच राहिली हो. एकटी. मी तिला तशीच टाकून आलो!”

नर्सनं हळूच टेबलावरची कात्री उचलून खिशात घातली. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला.

थोड्याच वेळात एक हवालदार त्याच दोन आकृत्यांना घेऊन चौथ्या मजल्यावर आला. जिन्यात रक्ताचे थेंब होते. तो दबक्या पावलांनी चढला. दार नुसतंच लोटलेलं होतं. त्यानं काठीनं ढकललं, तर ते करकरत उघडलं. आत हुडहुडी भरली म्हणून एजंटाच्या बायकोनं पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली होती. केस मोकळे, तोंड पांढरंफटक. रक्ताळलेला हात पुढे करून ती क्षीण आवाजात म्हणाली, “आलात? कधीची वाट बघतेय.”

मृतदेह न्यायला आलेला हवालदार काठीसकट कोसळला.

आकृत्या लगबगीनं पुढे झाल्या. त्यांनी स्ट्रेचर उलगडलं आणि दोघी हवालदाराच्या पायांकडे वाकल्या. तिनं ते पाहिलं मात्र, आणि होती नव्हती ती ताकद एकवटून ती स्ट्रेचरवर जाऊन सरळ आडवी झाली.

“आता उचला! त्यांच्यासाठी दुसरी गाडी मागवा.”

आकृत्या सळसळत दाराकडे सरकल्या. मग एकीनं वाकून, जरा लांबूनच, विचारलं, “ताई... तुम्ही जिवंत आहात ना?”

डोळे मिटून घेत ती म्हणाली, “आधी उचला. गाडीत बसल्यावर सांगते.”