कप्तानाचा स्तंभ आणि माझे पाच आकडे

दगड हलवायला कसली आलीय अक्कल? आकडे घाला, उतरवा, पुन्हा रचा! रस्ता रुंद होणार होता, म्हणून कडेचा कप्तानाचा स्तंभ दहा पावलं मागे न्यायचा होता. रस्ते खात्यातला मी हंगामी कारकून. साहेब म्हणाले, "एवढं नीट पार पाड, तुला कायम करतो."

एक.

पाच दगड उतरले. ज्याची जी बाजू वर आली, तिच्यावर मी ऐटीत खडूने आकडा घातला.

दोन.

"गवंडीकाका, आकडा रस्त्याकडे ठेवून रचायचं."

"पण भाऊ, अक्षरं..."

"डोकं चालवू नका, थापी चालवा!"

आणि मी ऑफिसात. साहेबांचं भाषण लिहायला.

तीन.

दुसरा दिवस. साडेदहा. अकराला स्तंभाला हार घालायला कप्तानाची नात येणार. मी मान वर करतो, तर...

पूर्वीच्या माणसांना वेळच वेळ! एकेका दगडावर एकेक तुकडा कोरलेला. वरून खाली: 'हा कप्तान', 'भर तुफानात', 'जहाज सोडून', 'पळाला', 'नाही'.

आता रस्त्यावरून दिसत होतं: हा कप्तान जहाज सोडून पळाला!

तुफान डावीकडे गेलेलं. 'नाही' मागे, गटाराकडे तोंड करून. माझे आकडे मात्र शाळेतल्या रांगेसारखे सरळ!

"काका, फिरवा! फिरवा!"

"सिमेंट धरलंय," काका थापी पुसत म्हणाले. "आता तुम्हीच फिरा."

चार.

गाडी थांबली. काठी टेकत आजीबाई उतरल्या. वाचलं. चेहरा स्तंभाहून कडक!

"माझे आजोबा पळाले?"

"नाही! म्हणजे 'नाही' आहे! मागे आहे! या ना!"

मी पुढे, आजी मागे, त्यांच्यामागे साहेब, शेवटी हार धरलेला शिपाई. गटाराच्या काठाकाठाने अख्खी वरात! आजीबाई वाकल्या. 'नाही'वरून बोटं फिरवली. मग कुठे श्वास सोडला. मीही.

"आजच फोडून नीट करतो!" साहेब म्हणाले.

"खबरदार! एकदा हलवलंत तेवढं पुरे. आता त्यांना हात लावायचा नाही!"

पाच.

साहेब शब्दाचे पक्के. मी कायम झालो. टेबल नाही, पंखा नाही. स्तंभापाशी एक खुर्ची. दिवसभर तिथे बसून ओरडतो, "अहो दादा, लगेच निघू नका! मागे या, एक शब्द राहिलाय!"