मुखपृष्ठावरचा डावा हात

ज्येष्ठ चित्रकारांच्या चरित्रात एकही चूक सापडणार नाही, असं संपादिकेने प्रकाशकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. सनावळ्या तिने स्वतः तपासल्या होत्या. फक्त मुखपृष्ठावरच्या फोटोत चित्रकार शीर्षकाकडे पाठ करून बसल्यासारखे दिसत होते, म्हणून शेवटच्या घटकेला तिने तो आरशात दिसावा तसा डावा-उजवा उलटवून घेतला. मुखपृष्ठ कसं झकास जमून आलं!

प्रकाशन समारंभात पहिल्या रांगेत बसून ती कौतुकाने प्रत न्याहाळत होती, तोच तिने ती एकदम डोळ्यांजवळ नेली. फोटोत चित्रकारांचा ब्रश डाव्या हातात होता. आणि व्यासपीठावर चित्रकार उजव्या हाताने पाणी ओतून घेत होते.

कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. तेवढ्यात समीक्षक बोलायला उभे राहिले.

"मुखपृष्ठ नीट पाहा. यांच्या रेषेतलं सगळं बंड या डाव्या हातातून आलं आहे."

पुढे अर्धा तास ते डाव्या हातावरच बोलले. लोक माना डोलवत होते. चित्रकारांनी आपला उजवा हात हळूच खिशात घातला. संपादिकेच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने वाकून विचारलं, "हे डावखुरे कधीपासून झाले?" संपादिकेने घाबरत घाबरत खरं काय ते सांगितलं. बाईंनी तोंडाला रुमाल लावला. त्या हसतायत की रडतायत, हे काही तिला कळेना.

मग सह्या घ्यायला रांग लागली. सगळ्यात पुढे समीक्षक. चित्रकारांनी उजव्या हातात पेन घेतलं, समीक्षकांच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि पेन डाव्या हातात घेतलं. कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेल्यासारखी सही उमटली. "काय जोर आहे!" समीक्षक म्हणाले. मग रांग संपेपर्यंत सगळ्यांनाच तशा सह्या मिळाल्या.

संपादिका रडवेली होऊन माफी मागू लागली.

"असू दे गं," चित्रकार मनगट चोळत म्हणाले. "एवढं मनापासून बोलला, त्याला तोंडघशी कुठे पाडायचं?"

इतक्यात ध्वनिक्षेपकावर समीक्षकांचा आवाज आला. रविवारी याच सभागृहात चित्रकार रसिकांसमोर चित्र काढून दाखवणार होते.

टाळ्या थांबेपर्यंत चित्रकार आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"उद्या सकाळी घरी ये," ते हळूच म्हणाले, "आणि येताना भरपूर कागद आण."